फॉक्स आत का गेला नाही? ‘फॉलआउट ३’च्या शेवटाचे प्रकरण

रेडिएशनने भरलेल्या खोलीत कोणीतरी जायचे आहे आणि जाणारा मरणार आहे. तुमच्या शेजारी एक धिप्पाड साथीदार उभा आहे, नाव फॉक्स. त्याला रेडिएशनने काहीही होत नाही. थोड्याच वेळापूर्वी तो अशाच एका खोलीत शिरून तुमच्यासाठी एक वस्तू उचलून घेऊन आला होता. तुम्ही साहजिकच विचारता, "तू जातोस का आत?" त्यावर त्याचे म्हणणे असे की मित्रा, प्रत्येकाचे विधिलिखित वेगळे असते, तुझे इथे पूर्ण होते आहे, ते मी तुझ्यापासून हिरावून घेणार नाही.

‘फॉलआउट ३’ या व्हिडिओ गेमची चर्चा निघाली की हे उत्तर आजही निघते, आणि बहुधा हसण्यावारी नेण्यासाठीच. हसून सोडून द्यायला हरकत नाही, पण रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळाडू एका पात्राची भूमिका जगतो असा गेम, लिहिणाऱ्याने ते एकदा उलगडून पाहावे. पात्र स्वभाव सोडून वागते तेव्हा नेमके कुठे काय सटकलेले असते, ते इथे जवळजवळ उघड्यावर दिसते.

पार्श्वभूमी

हा गेम ऑक्टोबर २००८ मध्ये पीसी, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला. बनवणारा स्टुडिओ बेथेस्डा, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला. भारतात एक्सबॉक्सची आवृत्ती ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’चे कारण देऊन आणलीच गेली नाही. गेममधल्या दोन डोक्यांच्या गायींना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्याकडे तेव्हा बोट दाखवले गेले. त्या गायींचा पुढच्या गोष्टीशी काही संबंध नाही.

कथा २२७७ सालातली. अणुयुद्धाला दोनशे वर्षे झाली आहेत, वॉशिंग्टनच्या आसपासचा मुलूख उजाड पडला आहे आणि स्वच्छ पाणी दुर्मीळ आहे. नायकाचे (किंवा नायिकेचे, निवड खेळाडूची) आईवडील दोघेही शास्त्रज्ञ. जेफरसन मेमोरियलच्या इमारतीत पाणी शुद्ध करणारे अवाढव्य यंत्र उभारायचे त्यांनी मनावर घेतले होते: प्रोजेक्ट प्युरिटी. आई बाळंतपणात गेली आणि काम अर्धवट राहिले. पुढे वडील, म्हणजे जेम्स, ते पुन्हा हाती घेतात, तेवढ्यात एन्क्लेव्ह नावाची फौज यंत्राचा ताबा घ्यायला येते. यंत्र त्यांच्या हाती पडू नये म्हणून जेम्स नियंत्रण कक्षात रेडिएशन सोडतात आणि काचेपलीकडे आपल्या लेकराच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतात.

शेवटच्या मोहिमेत नायक त्याच काचेसमोर परत येतो. यंत्र सुरू झाले नाही तर सगळेच उडणार, हातात मिनिटे उरलेली. कोणीतरी आत जाऊन कळफलकावर २१६ हा आकडा दाबायचा आहे. हा आकडा आईच्या आवडत्या बायबल-वचनाचा, प्रकटीकरण २१:६. तहानलेल्याला जीवनाच्या झऱ्याचे पाणी फुकट देईन, असे सांगणारे. आईचे वचन, बापाचे मरण, त्याच खोलीत लेकराचे मरण आणि सगळ्यांसाठी पाणी. कागदावर हा शेवट चोख आहे, एवढे आधी मान्य करायला हवे. शेवट ढिसाळ मनाने लिहिलेला नाही. तो ठरवूनच लिहिलेला आहे आणि गोची तिथूनच सुरू होते.

आता साथीदारांकडे वळू. गेममध्ये एकूण आठ जण सोबत घेता येतात: डॉगमीट नावाचा कुत्रा आणि बाकी सात. सातांपैकी साधारणपणे एका वेळी एकच सोबत येतो, कुत्रा वेगळा. कोण येईल हे बऱ्याच अंशी खेळाडूच्या ‘कर्मा’वर ठरते, म्हणजे आतापर्यंत केलेल्या बऱ्यावाईटाच्या गुणांवर. क्रॉस आणि फॉक्स हे दोघे फक्त सज्जनांबरोबर येतात, जेरिको आणि क्लोव्हर दुर्जनांबरोबर, बुच आणि सार्जंट आरएल-३ मधल्यांबरोबर. शॅरॉनला कर्माशी देणेघेणे नाही.

या आठांपैकी तिघांना रेडिएशन बाधत नाही. फॉक्स हा सुपर म्युटंट, म्हणजे उत्परिवर्तनाने राक्षसी देहाचा झालेला माणूस. शॅरॉन हा गूल, म्हणजे रेडिएशननेच कातडी झडून गेलेला माणूस. आरएल-३ हा तर लष्करी रोबोच.

अडचण

फॉक्स भेटतो तो व्हॉल्ट ८७ या भूमिगत निवाऱ्यात, एका कोठडीत बंद. नायकाला प्रोजेक्ट प्युरिटीसाठी तिथून गेक नावाचे उपकरण हवे आहे, पण ते ज्या खोलीत आहे तिथले रेडिएशन जीवघेणे. फॉक्स सौदा मांडतो: मला सोडव, मी आणून देतो. आणि आणतो. हे दृश्य नीट बेतलेले आहे. या मालिकेत सुपर म्युटंट म्हणजे आरडाओरडा करत धावून येणारा राक्षस. हा मात्र कोठडीतल्या संगणकावर वाचून शहाणा झालेला. नावसुद्धा त्याने स्वतःच निवडले आहे, आपल्या श्रद्धेसाठी लढायला आणि मरायला तयार असलेल्या एका माणसाचे. पाचेक मिनिटांत तीन गोष्टी खेळाडूच्या डोक्यात पक्क्या बसतात: हा शब्दाला जागतो, हा माझ्यासाठी जोखीम घेतो, आणि रेडिएशन याच्या खिजगणतीत नाही.

त्यानंतर नायक पकडला जातो, रेव्हन रॉक या एन्क्लेव्हच्या तळावरून निसटतो, आणि बाहेर पडताच समोर गॅटलिंग लेसर घेऊन फॉक्स हजर. कर्म चांगले असेल तर तो सोबत येतो. तिथून शेवटची मोहीम जवळच आहे. म्हणजे एखाद्या पात्राची अमुक क्षमता दाखवायची, आणि ती क्षमता जिथे शेवट मोडू शकते त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर दाखवायची. मधे पन्नास तासांचा खेळ असता तर निदान विसर पडला असता.

मग तो नकार येतो. पण फॉक्सच्या वाट्याला सगळी टिंगल आल्यामुळे बाकी दोघांकडे लोकांचे लक्ष कमी गेले, आणि माझ्या मते त्यातले एक प्रकरण जास्त गंभीर आहे.

शॅरॉनची ओळखच मुळी आज्ञापालन ही. ज्याच्याकडे त्याचा करारनामा, त्याचा हुकूम तो पाळतो. लहानपणापासून त्याला तसे घडवलेले आहे. अंडरवर्ल्ड या गूलांच्या वस्तीतल्या नाइन्थ सर्कल बारच्या मालकाकडून हा करार विकत घ्यावा लागतो, भाव न करता २००० कॅप्सना (बाटल्यांची बुचे, हेच इथले चलन). करार हाती आला की शॅरॉन जुन्या मालकाकडे जातो आणि त्याला गोळी घालतो. इतकी वर्षे हात बांधलेले होते ते फक्त त्या कागदाने, हे एका कृतीत कळते. आठ साथीदारांत इतका नेमका परिचय दुसऱ्या कोणाचा नाही. असा माणूस शेवटच्या दारात करारधारकाला नाही म्हणतो. फॉक्सच्या बाबतीत मोडते ते पूर्वीचे उदाहरण. शॅरॉनच्या बाबतीत पात्राचा कणाच मोडतो. आरएल-३ हे यंत्र, पैसे मोजून घेतलेले, तेही सेनापतीचा हुकूम मानणारे. त्यानेही नकार द्यावा?

उलट बाजूला ब्रदरहुड ऑफ स्टील या एन्क्लेव्हशी लढणाऱ्या गटाची सारा लायन्स उभी असते. हाडामांसाची, रेडिएशनने हमखास मरणारी. तिला म्हटले तर ती जाते. म्हणजे मरणारी तयार आणि न मरणारे तिघे तत्त्वज्ञान सांगत उभे.

आता नियमांचा भाग, कारण खरी मेख तिथे आहे. या गेममध्ये रेडिएशन हा एक आकडा आहे. २०० वर सौम्य बाधा, पुढे ४००, ६००, ८०० असे टप्पे, १००० ला मृत्यू. रॅड-एक्स घेतले की प्रतिकार वाढतो, रॅडअवेने साठलेले उतरते, खास पोशाख मिळतात. प्रतिकार जास्तीत जास्त ८५ टक्क्यांपर्यंत नेता येतो. डबक्यातले पाणी प्यायचे की नाही इथपासून खेळाडू हा हिशेब करत आलेला असतो. पिशवीत वीस रॅडअवे आहेत. आणि शेवटच्या खोलीत हा सगळा हिशेब बाद. २१६ दाबले की नायक कोसळतो. अंगात काय घातले आहे, काय प्यायले आहे, याला किंमत नाही. चाळीस तास जे ‘सांभाळता येण्यासारखे’ म्हणून शिकवले, ते शेवटच्या मिनिटाला ‘अटळ’ म्हणून समोर ठेवले.

शिवाय याच खोलीत आधी एक जण वाचलेला आहे. जेम्स मेले तेव्हा एन्क्लेव्हचा कर्नल ऑटम आतच होता. तो स्वतःला काहीतरी टोचून घेताना दिसतो आणि पुढे धडधाकट हिंडताना भेटतो. ते औषध कोणते, याचा पुढे पत्ताच नाही. म्हणजे खोलीची जीवघेणी ताकद कथेने स्वतःच एकदा पातळ करून ठेवली होती.

निर्णयाच्या जागा आणि पर्याय

एक बारीक पण महत्त्वाची खूण. ‘तुला रेडिएशन बाधत नाही, तू जा’ हा प्रश्न खेळाडूच्या संवादयादीत मूळ आवृत्तीतच होता. प्रश्न लिहिला गेला, उत्तर लिहिले गेले, तेही तीन वेगवेगळ्या आवाजांत. तेव्हा हे भोक कोणाच्या नजरेतून सुटले होते असे म्हणता येत नाही. ते दिसले होते आणि त्यावर वाक्याचे ठिगळ लावले गेले. ठिगळ लावताना कारण कोणाचे वापरले, ते पाहा. ‘तुझे विधिलिखित इथे पूर्ण होते’ हे फॉक्सचे मत असायला त्याच्या आयुष्यात आधार नाही. कथेला नायक मरायला हवा आहे, ही लेखकाची गरज आहे. पात्राच्या तोंडून लेखक बोलू लागला की खेळाडूला ते तत्काळ ऐकू येते, वाक्य कितीही घोटीव असले तरी.

ठिगळाऐवजी काय करता आले असते? गेममध्ये आधीच जे होते त्यातून निदान चार वाटा निघतात.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे साथीदाराला त्या खोलीपर्यंत येऊच न देणे. दाराबाहेर एन्क्लेव्हची तुकडी येते, कोणीतरी मागे थांबून वाट अडवायला हवी, आणि फॉक्स म्हणतो, तू हो पुढे. एक-दोन वाक्ये, एक बंद दार. यात फॉक्स अधिकच फॉक्ससारखा दिसतो. तोटा एवढाच की सराईत खेळाडूला डाव कळतो. तरी कळलेला डाव हा खोट्या वाक्यापेक्षा बरा. साथीदार लांब असणे खटकते, त्याने परके वागणे सहन होत नाही.

दुसरी वाट, मृत्यूचे कारण बदलणे. रेडिएशनऐवजी दाबाखालची वाफ, कोसळणारे छत, काहीही, जे सुपर म्युटंटलाही मारते. मग फॉक्सला पाठवणे ही खरी निवड होते: मित्र मरेल आणि मी जगेन. सर्वांत नाट्यमय पर्याय हाच. पण जेम्सच्या मृत्यूशी जुळणारी सम त्यात जाते, कारण ते रेडिएशननेच गेले. ती सम लेखकांना प्रिय असणार, आणि ते समजण्यासारखे आहे.

तिसरी वाट मला सर्वांत रसाची वाटते, कारण तिचा सगळा माल गेममध्ये पडून होता. रेव्हन रॉकमध्ये एन्क्लेव्हचा अध्यक्ष ईडन नायकाला एक कुपी देतो. तिच्यातला विषाणू यंत्रात ओतला की पाण्यातून उत्परिवर्तित जिवांचा नायनाट होणार. ती ओतायची की नाही, हाही शेवटच्या खोलीतलाच निर्णय. आता विचार करा: फॉक्स आणि शॅरॉन दोघेही त्या विषाणूचे भक्ष्य. नायकाच्या खिशात ती कुपी आहे, आणि तो फॉक्सला सांगतो की आत जा, यंत्र चालू कर. फॉक्सने इथे थबकायला पूर्ण आधार आहे. "ती कुपी आधी माझ्या हातात दे, मग जातो." दिली, तर तो ती फोडतो आणि आत जातो. नाही दिली, तर नाही म्हणतो, आणि त्या नकारावर कोणीही हसणार नाही. नकार तोच, पण आता तो पात्राच्या पोटातून आलेला. वर खेळाडूने ईडनशी केलेल्या सौद्याला अखेर एक चेहरा मिळतो.

चौथी वाट म्हणजे सरळ जाऊ देणे. फॉक्स आत गेला, आकडा दाबला, बाहेर आला. नायक मेला नाही, बिघडले काय? बापाने जे मरून केले ते लेकराने चांगले मित्र जोडून केले, हाही एक अर्थ आहे. त्यासाठी निवेदनाचा एक वेगळा उतारा लागतो आणि ‘शेवट एकच असला पाहिजे’ हा हट्ट सोडावा लागतो.

खर्चाचे म्हणाल तर तीन साथीदार, प्रत्येकी चार-पाच वाक्ये, म्हणजे पंधराच्या आत. अधिक निवेदनाची दोन-तीन वाक्ये. पण ध्वनिमुद्रण उरकल्यावर हे सुचले तर पंधरा वाक्येही डोंगराएवढी होतात: नट परत बोलवा, स्टुडिओ घ्या, ओठांची हालचाल जुळवा, पुन्हा तपासा. लेखनातल्या विसंगती शेवटी ठिगळानेच का बुजवल्या जातात, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी कल्पकतेत सापडत नाही, तारखांत सापडते.

काय केले गेले

मूळ आवृत्ती नकारासकट बाजारात आली. आणखी एक निर्णय तिच्यात होता: मुख्य कथा संपली की गेमच संपतो. शेवटचे निवेदन, श्रेयनामावली, आणि मागे जुने सेव्ह उघडणे एवढाच मार्ग. ज्या गेमचे आकर्षण कुठेही भटकत राहणे हे, तिथे हे लोकांना जाचलेच. मग मरण पटलेले नाही आणि वर खेळही बंद, असा दुहेरी राग झाला. नकाराचे उत्तर इतके गाजले त्यात या दुसऱ्या रागाचा वाटा मोठा आहे. कथा पुढे चालू राहिली असती तर कदाचित चार लोकांनी नाक मुरडले असते आणि विषय मिटला असता.

मे २००९ मध्ये ‘ब्रोकन स्टील’ हा विस्तार, म्हणजे गेमला जोडायचा वेगळा विकत घ्यायचा भाग, एक्सबॉक्स आणि पीसीवर आला. प्लेस्टेशनवाल्यांना सप्टेंबर उजाडला. किंमत दहा डॉलर. त्यात नायक दोन आठवड्यांनी शुद्धीवर येतो आणि कथा पुढे जाते. नायकाच्या पातळीची कमाल मर्यादा २० वरून ३० झाली. आणि फॉक्स, शॅरॉन, आरएल-३ या तिघांपैकी जो सोबत असेल त्याला आता आत पाठवता येते. तो जातो.

परिणाम

संवाद दुरुस्त झाला. दृश्य मात्र अर्धेच दुरुस्त झाले, आणि हा अर्धा भागच शिकण्यासारखा आहे.

शेवटचे निवेदन तसेच राहिले. मूळ गेममध्ये साराला पाठवले तर निवेदक म्हणतो की लेकराने बापाच्या निःस्वार्थ वाटेने जायचे नाकारले आणि खऱ्या वीराला त्या खोलीत जाऊ दिले. सारा मरते, तेव्हा या टोमण्याला धार आहे. फॉक्सला पाठवल्यावरही खेळाडूच्या कानावर तोच सूर पडतो. ज्याला इजा होणारच नाही त्याला पाठवले, कोणी मेले नाही, पाणी आले, आणि तरी भित्रा ठरला तो नायक. त्यात फॉक्स फक्त चांगल्या कर्माच्या खेळाडूला मिळतो. म्हणजे वाट्टेल ती मदत करत इथवर आलेल्यालाच ही बोलणी बसण्याची शक्यता जास्त.

दुसरे असे की दुरुस्तीने नकार काढला, पण त्याच्या जागी किंमत ठेवली नाही. आधी निवड होती मरण की भित्रेपणा. आता एक पर्याय पूर्ण फुकट आहे, म्हणून बाकीचे दोन्ही मूर्खपणाचे दिसू लागतात. स्वतः आत गेले तरी दोन आठवड्यांनी जाग येतेच, त्यामुळे मूळ बलिदानही मागे वळून पोकळ झाले. विसंगती काढताना दृश्यातला ताणही सोबत निघून गेला.

वेगळे काय करता आले असते

रोल-प्लेइंग गेममध्ये एकाच पात्राचे लिखाण तीन ठिकाणी राहते: संवादात, नियमांत, निवेदनात. ती बहुधा वेगवेगळी माणसे सांभाळतात. इथे नियम सांगत होते की फॉक्सला काही होणार नाही, संवाद सांगत होता की फॉक्स जाणार नाही, आणि निवेदन सांगत होते की न जाणारा भित्रा. तिन्ही एका पानावर आणणारा कागद नसेल तर हे होणारच.

तो कागद काही मोठा नाही. आडव्या ओळीत साथीदार, उभ्या रांगेत कथेतले अडथळे: रेडिएशन, कुलूप, सांकेतिक आकडा, आग, उंची, अमुक गटाशी वैर. प्रत्येक चौकटीत तीनच खुणा: ‘सहज करू शकतो’, ‘जिवावर उदार होऊन करू शकतो’, ‘नाही करू शकत’. ज्या अडथळ्यावर कथेचे मरण किंवा विजय टेकलेला आहे, त्या ओळीत एकही ‘सहज’ दिसला की काम थांबवायचे. फॉलआउट ३ च्या शेवटच्या ओळीत असे तीन ‘सहज’ निघतात. हा तक्ता भरायला संहितेचा पहिला आराखडा पुरतो, ध्वनिमुद्रणाच्या कितीतरी आधी.

मग स्थिती मोजायच्या. सात साथीदार किंवा कोणीच नाही, म्हणजे आठ; कुत्रा असेल-नसेल म्हणून दुप्पट, सोळा. त्या वेळी साथीदार मेलेला असू शकतो, पण तो ‘कोणीच नाही’त जमा. शेवटचे दृश्य सोळा वेळा खेळून पाहणे हे एका परीक्षकाचे एक-दोन दिवसांचे काम आहे. पण परीक्षकाला ‘गेम अडकतो का’ एवढेच विचारले तर तो सोळाही वेळा ‘पास’ लिहील, कारण गेम कुठेच अडकत नाही. प्रश्न असा द्यावा लागतो: या साथीदाराचे इथले उत्तर त्याच्या ओळखीच्या दृश्याशेजारी ठेवून वाचा, आणि तोच माणूस बोलतोय असे वाटते का ते लिहा. शॅरॉन इथे पहिल्याच दिवशी पकडला गेला असता.

संवाद लिहायच्या साधनात प्रत्येक उत्तराला अटी जोडता येतात: कोण बोलतो आहे, मोहीम कोणत्या टप्प्यावर आहे, अमुक गोष्ट घडली आहे की नाही. उत्तरे वरून खाली तपासली जातात आणि ज्याच्या अटी जुळतात ते बोलले जाते. या गेमचे साधन डिसेंबर २००८ मध्ये मॉड करणाऱ्यांसाठी, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या खेळाडूंसाठी, मोफत खुले झाले, तेव्हा कोणीही ते उघडून ही रचना पाहू शकतो. (त्याचेही नाव गेकच ठेवले आहे.) यात एक सवय लावून घेण्यासारखी आहे: साथीदाराने खेळाडूसाठी काही मोठे केले की त्याच क्षणी त्याची नोंद एका चलात ठेवायची, आणि पुढच्या प्रत्येक नकाराच्या अटीत तो चल तपासायचा. व्हॉल्ट ८७ मधली वस्तू फॉक्सने आणली की खेळाडूने रॅड-एक्स घेऊन स्वतःच आणली, या दोन वेगळ्या कथा आहेत. दोन्ही करता येतात. पहिल्या कथेत फॉक्सला ‘नाही’ म्हणायचे असेल तर त्याने त्या दिवसाचा उल्लेख करूनच म्हणायला हवे. "तेव्हा मी माझ्या सुटकेसाठी गेलो होतो" असे तो म्हणाला असता, तरी ते उत्तर ठरले असते. कडू, पण त्याचे स्वतःचे.

नकाराचे वाक्य तपासायची एक साधी रीत आहे. वाक्यावरचे नाव झाकायचे आणि ते सारा लायन्सच्या, शॅरॉनच्या, क्रॉसच्या तोंडी घालून पाहायचे. विधिलिखिताचे वाक्य यातल्या कोणाच्याही तोंडी बसते. कुपीचे वाक्य फक्त फॉक्स आणि शॅरॉनच्या तोंडी बसते, आणि शॅरॉनला करार आडवा येतो, म्हणून त्याला ते वेगळे लिहावे लागते. बहुधा असे की शॅरॉन कुपी मागत नाही. तिच्याकडे पाहतो आणि मुकाट्याने आत जातो. तिथे लाजायची पाळी खेळाडूची.

आणि निवेदन. विस्तार करताना ते बदलणे जड गेले असेल तर गाळणे तरी शक्य होते. साथीदाराला पाठवल्यास तो एक उतारा वाजवायचाच नाही, ही एका अटीची करामत होती. ती झाली नाही. त्याच वर्षी पाचही विस्तार एकत्र करून आवृत्ती निघाली आणि तेव्हापासून बहुतेक नवे खेळाडू हाच दुरुस्त शेवट पाहतात: फॉक्स आत जातो, आकडा दाबतो, त्याला काही होत नाही, आणि निवेदक गंभीर आवाजात खेळाडूला सांगतो की तू एका खऱ्या वीराला मरणाच्या खोलीत पाठवलेस.